टोमण्यामागची मागणी: घरात आणि ऑफिसात आपुलकीने बोलण्या-ऐकण्याची रीत

"तुम्हाला काय, सकाळी डबा घेऊन निघालात की सुटलात!" हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येते, त्या घरात प्रेम नाही असे कोणी समजू नये. बोलणाऱ्या व्यक्तीला बहुधा एवढेच सांगायचे असते की दिवसभराचे काम एकटीच्या अंगावर पडते, त्याने जीव थकून जातो, आणि ते कोणीतरी पाहावे, जमल्यास त्यातले थोडे उचलावे. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र आरोप पडतो, तो स्वतःची बाजू मांडू लागतो आणि मूळ मागणी तशीच राहून जाते. ऑफिसातही हेच घडते. "एवढं साधं कामही वेळेत होत नाही का?" असे विचारणाऱ्या साहेबांना त्या प्रश्नाचे उत्तर नको असते, दुपारच्या बैठकीत वरिष्ठांपुढे रिकाम्या हाताने उभे राहावे लागेल, ही धास्ती त्यांना लागलेली असते. आपल्या बोलण्यात दडलेली अशी मागणी स्पष्टपणे कशी मांडावी आणि समोरच्याच्या बोलण्यातून ती कशी ऐकावी, हे शिकता येते, आणि ते कोणत्याही वयात शिकता येते असे माझे ठाम मत आहे.

या विषयाची सर्वांत व्यवहार्य मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी केली. त्यांचे कुटुंब १९४३ मध्ये डेट्रॉइट शहरात राहायला आले आणि त्याच सुमारास तिथे वांशिक दंगल उसळली. पुढे ज्यू असल्यामुळे शाळेतही त्यांना मारहाण सोसावी लागली. काही माणसे हिंसेकडे का वळतात आणि तितक्याच बिकट परिस्थितीत काही माणसे दयाळू कशी राहतात, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून होता. त्यांनी विकसित केलेल्या 'अहिंसक संवाद' या पद्धतीच्या नावामागे गांधीजींच्या अहिंसेची प्रेरणा आहे. या पद्धतीत चार टप्पे आहेत: जे घडले त्याचे निरीक्षण, त्यामुळे मनात आलेली भावना, त्या भावनेमागची गरज आणि शेवटी विनंती. हे चार शब्द पाठ करणे सोपे आहे. त्यातला पहिला टप्पा प्रत्यक्षात आणणे मात्र बहुतेकांना सर्वाधिक जड जाते, म्हणून त्याच्यापाशी अधिक वेळ थांबणे योग्य ठरेल.

पाहिलेले आणि ठरवलेले

"तू नेहमी उशिरा येतोस" हे निरीक्षण नाही, तो निकाल आहे. "या आठवड्यात सोमवारी आणि बुधवारी मीटिंग सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी तू आलास" हे निरीक्षण आहे. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो, कारण ज्या दिवशी वेळेवर आलो तो एक दिवस समोरचा लगेच दाखवून देतो आणि पुढचा सगळा वेळ त्या एका दिवसाच्या हिशेबात जातो. दुसऱ्या वाक्यावर वाद घालण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे बोलणे मुद्द्यावर राहते. बोलण्यापूर्वी मनातल्या वाक्यातून 'नेहमी', 'कधीच', 'सारखं', 'एकदा तरी' हे शब्द काढून टाकावेत आणि मग काय उरते ते पाहावे. कॅमेऱ्यात टिपता येईल किंवा आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल तेवढेच सांगायचे, असा नियम स्वतःला घालून घेतला तर हे काम सुकर होते.

विशेषणांची गत क्रियाविशेषणांसारखीच असते. 'आळशी', 'हट्टी', 'बेजबाबदार', 'आपमतलबी' ही विशेषणे लावली की माणसाचे एक कृत्य त्याच्या स्वभावावर गोंदले जाते, आणि स्वभावावर झालेला हल्ला कोणीही मुकाट्याने ऐकून घेत नाही. आठवीतल्या मुलाला "तू आळशी आहेस" असे वारंवार सांगितले तर तो एक दिवस ते मान्य करील आणि त्यानंतर त्याच्याकडून अभ्यासाची अपेक्षा करायला जागाच राहणार नाही. "काल आणि आज तू गणिताची वही उघडली नाहीस, हे मी पाहिलं" असे म्हटल्यास बोलण्याची सुरुवात निदान खऱ्या गोष्टीपासून होते, आणि वही का उघडली नाही हे सांगण्याची संधी मुलाला मिळते. कदाचित त्याला तो धडा समजलेला नसेल आणि ते कबूल करण्याची त्याला लाज वाटत असेल.

दुसऱ्याच्या हेतूविषयीचे अंदाज हा निकालाचाच आणखी एक प्रकार आहे. "मुद्दाम मला सांगितलं नाहीस", "सगळ्यांसमोर माझा अपमान करायचा होता तुम्हाला" या वाक्यांत जे घडले त्यापेक्षा समोरच्याच्या मनात काय होते याचाच दावा अधिक असतो. त्याचे मन आपल्याला दिसत नाही. विचारता मात्र येते.

भावनेला तिच्या नावाने हाक मारणे

आपल्याकडे, विशेषतः पुरुषांना, स्वतःच्या मनःस्थितीसाठी फार थोडे शब्द वापरण्याची सवय असते. 'राग आला', 'टेन्शन आहे', 'डोकं फिरलंय' यांपलीकडे बोलणे जात नाही. मराठीत शब्दांची वानवा नाही: खंत, धास्ती, कुचंबणा, हुरहूर, वैताग, संकोच, एकटेपणा, शीण, असूया, हतबलता. आपल्याला नेमके काय होत आहे हे यांपैकी एखाद्या शब्दात सांगता आले की ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया बदलते, कारण रागापुढे माणूस ढाल उचलतो आणि खंत ऐकून तो थांबतो. बोलणाऱ्यालाही याचा लाभ होतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतील अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावते. मन मोकळे केल्यावर हलके वाटते, हा अनुभव आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होता.

येथे एक सावधगिरी हवी. 'मला वाटते' या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य भावनाच सांगते असे नाही. "मला वाटतं, तू मला गृहीत धरतोस" हा भावनेचा पेहराव केलेला आरोप आहे. "मला न विचारता पाहुण्यांना बोलावलं गेलं, तेव्हा मला एकटं पडल्यासारखं झालं" या वाक्यात घटना आणि भावना दोन्ही आहेत, आणि समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवलेले नाही.

गरज आणि तिचा मार्ग

गावाकडे राहणारी आई नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेल्या मुलाला म्हणते, "रोज फोन करायला काय होतं तुला?" मुलाला ते ओझे वाटते, तो चार दिवस फोन टाळतो, आणि पाचव्या दिवशी दोघेही दुखावलेले असतात. रोजचा फोन हा मार्ग आहे. आईची गरज मुलाची खुशाली कळण्याची आणि त्याच्या आयुष्यात आपल्याला जागा आहे या खात्रीची आहे. गरज एकदा स्पष्ट झाली की मार्ग अनेक निघतात: रात्री घरी पोहोचल्याचा एक मेसेज, रविवारी सकाळी निवांत बोलणे, जेवणाचा एखादा फोटो. भांडणे बहुतेक वेळा मार्गांवरून होतात. आदर, विश्रांती, सुरक्षितता, सोबत, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक या गरजा सासूच्या आणि सुनेच्या, मॅनेजरच्या आणि नव्याने लागलेल्या मुलीच्या सारख्याच असतात, हे ध्यानात आले की समोरचा माणूस परका वाटेनासा होतो.

विनंती

"घरात जरा लक्ष देत जा" ही विनंती नाही, कारण ती पूर्ण केली की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. "रविवारी सकाळी आठवड्याची भाजी तुम्ही आणाल का?" ही विनंती आहे. विनंती करताना काय नको यापेक्षा काय हवे ते सांगावे, ते आज किंवा या आठवड्यात करता येण्याजोगे असावे, आणि समोरच्याला नकार देण्याची मुभा असावी. या तिसऱ्या गोष्टीतच कस लागतो. नकार आल्यावर आपला चेहरा पडणार असेल, भांडी आपटली जाणार असतील किंवा पुढच्या मूल्यांकनात त्याची नोंद होणार असेल, तर आवाज कितीही गोड असला तरी ती आज्ञाच होती.

चारही टप्पे एकत्र आले की बोलणे साधारण असे होते. सून सासूबाईंना म्हणते: "आई, काल पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात की मला स्वयंपाक जमत नाही. मला फार ओशाळल्यासारखं झालं. घरातली म्हणून चार लोकांत माझा मान राहावा असं मला वाटतं. काही चुकलं तर आपण दोघीच असताना सांगाल का?" यात सासूबाईंचा मान राखलेला आहे, आणि स्वतःचाही. अर्थात प्रत्येक प्रसंगी हा साचा जसाच्या तसा वापरला तर बोलणे कृत्रिम होते आणि घरातली माणसे "शिबिराला जाऊन आलीस वाटतं" असे म्हणतात. साचा सरावापुरता मनात ठेवावा. तोंडून येणारी भाषा आपल्या घरचीच असावी.

ऐकणे

बोलण्यावर एवढे लिहिल्यानंतर हे सांगणे आवश्यक आहे की नाती जुळण्यात ऐकण्याचा वाटा अधिक मोठा आहे, आणि आपल्या समाजात त्याची उणीवही अधिक आहे. आपण प्रेमाने सल्ला देतो. दहावीत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळालेल्या मुलीला निकालाच्या दिवशी दहा जण भेटतात, आणि त्यांतले नऊ जण तिला डिप्लोमाची माहिती, शेजारच्या मुलाचे उदाहरण किंवा "त्यात काय एवढं, सगळं ठीक होईल" असा दिलासा देतात. हे सर्व शुभेच्छेपोटीच असते, आणि तरीही त्यातून मुलीला कळते ते इतकेच की तिचे रडणे कोणालाही पाहवत नाही. एखादी आत्या जवळ बसते आणि म्हणते, "खूप मेहनत केली होतीस ना? फार वाईट वाटत असेल," आणि मग गप्प राहते. त्या दिवशी मुलगी बोलते ती याच आत्याशी.

रोझेनबर्ग यांचे गुरू मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी या प्रकारच्या ऐकण्याचा पाया घातला. समोरच्या व्यक्तीला कोणतीही अट न घालता स्वीकारावे, तिच्या जागेवरून तिचे जग पाहावे आणि आपल्याला जे समजले ते तिला परत सांगून खात्री करून घ्यावी, असे ते शिकवत. हे करण्यासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतात. ऐकण्याआधी फोन उलटा ठेवण्याऐवजी दुसऱ्या खोलीत ठेवावा. "मी फक्त ऐकू, की काही सुचवू?" हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा, या एका प्रश्नाने अनेक घरांतली रात्रीची भांडणे टळतील असे मला खरोखर वाटते. ऐकलेले आपल्या शब्दांत एकदा सांगावे: "म्हणजे काम जास्त आहे याचं तेवढं वाईट वाटत नाही, ते कोणाच्या लक्षात येत नाही याचं वाटतंय, बरोबर?" आपला अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण समोरचा तो दुरुस्त करतो आणि दुरुस्त करता करता स्वतःलाच नीट समजून घेतो. "आमच्या वेळी तर..." हे शब्द जिभेवर आले की पाण्याचा घोट घ्यावा.

मोठ्या प्रसंगांइतकेच लहान क्षणांचेही महत्त्व आहे. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या रोजच्या बोलण्याचे निरीक्षण केले. "बघ, बाहेर कसला पक्षी आलाय" यासारख्या साध्या वाक्याने एक जण दुसऱ्याचे लक्ष मागत असतो. सहा वर्षांनंतर जी जोडपी एकत्र टिकून होती त्यांनी अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. विभक्त झालेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. म्हाताऱ्या वडिलांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवणे ही अशीच हाक असते. बातमी आपण सकाळीच मोबाइलवर वाचलेली असली तरी मान वर करून "काय म्हणताय बाबा?" असे विचारायला अर्धे मिनिट लागते.

राग चढला असताना

रागाच्या भरात वरचे काहीही आठवत नाही. गॉटमन यांच्याच अभ्यासानुसार भांडणात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरचे बोलणे नीट ऐकू येत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटे लागतात. तेव्हा थांबणे हाच शहाणपणा होय. मात्र हे थांबणे अबोल्यापेक्षा वेगळे असले पाहिजे. अबोल्यात समोरच्याला किती दिवस ताटकळायचे हे कळत नाही, आणि ती शिक्षाच असते. थांबताना परतण्याची वेळ सांगावी: "आत्ता मला नीट बोलता येणार नाही. मी चक्कर मारून येतो, नऊ वाजता जेवणानंतर बोलू." मग नऊ वाजता स्वतःहून विषय काढावा, समोरच्याला आठवण करून द्यायला लावू नये. मधल्या वेळात मनात युक्तिवाद घोळवत बसलो तर राग उतरत नाही. चालावे, आंघोळ करावी, झाडांना पाणी घालावे.

रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर रागाचा मजकूर पाठवू नये, ऑफिसच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. लिहिलेल्या शब्दांना आवाजाचा ओलावा नसतो, आणि त्यांचे स्क्रीनशॉट कायम राहतात.

ऑफिसातली उतरंड

घरातली पद्धत ऑफिसात नेताना एक फरक लक्षात घ्यावा लागतो: तिथे एकाच्या हातात दुसऱ्याची रजा, बढती आणि पगारवाढ असते. म्हणून जबाबदारी प्रथम वरच्याची आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांसंबंधीच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या समजल्या जाणाऱ्या गटांत चुकांच्या नोंदी अधिक आढळल्या. याचे स्पष्टीकरण असे निघाले की त्या गटांतील परिचारिका चुका निर्भयपणे सांगू शकत होत्या. इतरत्र त्या लपवल्या जात होत्या. आपल्या टेबलाशी कोणी वाईट बातमी घेऊन येते, तेव्हा पहिल्या दहा सेकंदांतला आपला चेहराच पुढच्या वर्षभरात आपल्याला काय सांगितले जाईल हे ठरवतो. "बरं झालं लगेच सांगितलंस. आता काय करता येईल ते पाहू" हे वाक्य आधीच तयार ठेवावे, चूक कशी झाली याची चौकशी नंतर, शांतपणे आणि बंद दाराआड करता येते.

हाताखालच्या माणसालाही मर्यादा सांभाळून स्पष्ट बोलता येते. "सर, तुम्ही दिलेली तिन्ही कामं मला नीट करायची आहेत. शुक्रवारपर्यंत दोनच पूर्ण होतील असं दिसतंय. आधी कोणती हवीत ते सांगाल का?" यात तक्रार नाही, आणि खोटा होकारही नाही. "हो सर, करतो" म्हणून शुक्रवारी तोंड लपवणे हे नम्रतेचे लक्षण मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

कौतुकाबाबत आपण फार कंजूष आहोत. 'छान', 'गुड जॉब' यांनी कोणाचेही पोट भरत नाही. काय केले, त्याने आपले काय सुकर झाले आणि आपल्याला कसे वाटले, हे तिन्ही सांगावे: "काल तुम्ही आकडे दोनदा तपासलेत, म्हणून बैठकीत मला निर्धास्तपणे बोलता आलं." असे कौतुक शिपायापासून संचालकांपर्यंत सर्वांना हवे असते, आणि घरात पोळ्या लाटणाऱ्या मावशींनाही.

जिथे ही रीत पुरी पडत नाही

मारहाण, धमकी, लैंगिक छळ किंवा सततची मानहानी सहन करणाऱ्या व्यक्तीला "तू नीट बोलून पाहा" असे सांगणे क्रूरपणाचे आहे. करुणा म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. घरगुती हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे, आणि दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्याकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. मन फारच खचले असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

जे दिवसभर इतरांचे दुःख ऐकतात, त्या परिचारिका, शिक्षिका, आजारी आईवडिलांची शुश्रूषा करणारी मुले यांच्यासाठीही एक गोष्ट सांगायला हवी. मेंदूविज्ञानाच्या संशोधिका टानिया सिंगर यांनी दाखवले आहे की दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगात भिनवून घेणे आणि त्याच्याविषयी जिव्हाळा बाळगणे या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या प्रक्रिया आहेत. पहिलीने माणूस पोळून निघतो, दुसरीने तो टिकून राहतो, आणि दुसरीचा सराव करता येतो. ऐकताना अधूनमधून आपले पाय जमिनीवर टेकलेले आहेत याकडे लक्ष न्यावे, "हे दुःख त्यांचं आहे, मी सोबतीला आहे" असे मनाशी म्हणावे, आणि आज ऐकण्याची ताकद नसेल तर तसे सांगून उद्याची वेळ द्यावी.

बिघडलेले सांधणे

कितीही सराव केला तरी तोंडून नको ते निघून जाईल. तेव्हा "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असे म्हणू नये, कारण त्या 'असेल तर' मध्ये सगळी जबाबदारी समोरच्यावर ढकललेली असते. "मी काल तुझ्या मित्रांसमोर तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं. तुला खूप अपमान वाटला असणार" एवढे बोलून थांबावे, "पण तूही..." हे पुढचे वाक्य त्या दिवशी उच्चारूच नये. वडिलांनी मुलाची किंवा साहेबांनी कारकुनाची माफी मागितल्याने अधिकार कमी होतो हा समज खोटा आहे. अपमान चारचौघांत झाला असेल तर माफीही चारचौघांतच मागावी, आणि ज्या गोष्टीबद्दल माफी मागितली ती पुन्हा घडू नये यासाठी काय करणार ते सांगावे. समोरच्याने लगेच मोकळे व्हावे असा आग्रह धरू नये. त्याला हवा तितका वेळ घेऊ द्यावा, आणि त्या काळात रोजचा चहा, रोजची विचारपूस नेहमीसारखी चालू ठेवावी.